सूर्यछायेच्या पुस्तकाची अक्षरजुळणी : प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२४, नागपूर

धरमपेठेत राहणाऱ्या आमच्या सरांनी लिहिलेल्या सूर्यछायेवरील मराठी पुस्तकाची डिजिटल आवृत्ती तयार करण्याचे काम आजपासून हाती घेतले. उभ्या काठीची सावली मोजून अक्षांश, सूर्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासून त्याचे उत्तर-दक्षिण कोनीय अंतर) आणि स्थानिक मध्यान्ह कसे काढावे, हा या पुस्तकाचा विषय असून त्यातील बहुतेक उदाहरणे नागपूरचीच, म्हणजे उत्तर अक्षांश २१°०९′ धरून सोडवलेली आहेत. मूळ पुस्तक १९८४ साली खिळे जुळवून छापले गेले आणि त्याची दुसरी आवृत्ती कधी निघाली नाही. आज आमच्या हाती तीन गोष्टी आहेत : समासात सरांनी पेन्सिलीने दुरुस्त्या केलेली एकुलती एक छापील प्रत, तिचे स्कॅन, आणि मध्यंतरी कोणीतरी संगणकावर उतरवलेल्या पाच प्रकरणांच्या जुन्या फाइली.

छपाईसाठी पीडीएफ आणि मोबाइलवर वाचण्यासाठी ईपब अशी दोन रूपे करायची आहेत. सूत्रांची चित्रे करून चिकटवायची नाहीत, हे पहिल्याच बैठकीत ठरवले. सूत्राचे चित्र मोठे केले की अंधूक होते, त्यातील शब्द शोधता येत नाही, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या वाचक-आज्ञावलीला त्या जागी केवळ एक चित्र आहे एवढेच कळते. ज्या पुस्तकाचा निम्मा आशय सूत्रांत आहे, त्याच्या बाबतीत ही तडजोड मला मान्य होण्यासारखी नव्हती.

७ फेब्रुवारी

जुन्या फाइली युनिकोडच्या आधीच्या एका फॉन्टमध्ये आहेत. त्या पद्धतीत अक्षर साठवले जात नसे, अक्षराचा आकार साठवला जाई. त्यामुळे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर, असा डोळ्यांना दिसणारा क्रम फाइलीत उतरलेला असतो, तर युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम लागतो. मजकुराचे रूपांतर एका छोट्या आज्ञावलीने बरेचसे झाले. सूत्रे मात्र त्या काळच्या समीकरण-संपादकात घातलेली होती आणि आता त्यांची केवळ गोठलेली चित्रे उरली आहेत. सर्व सूत्रे छापील प्रतीवरून नव्याने टंकलिखित करावी लागतील.

१२ फेब्रुवारी

साधन म्हणून लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीची निवड केली. सरांनी विचारले की, इतकी जुनी प्रणाली आजही का वापरायची. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९७७ साली आपल्या ‘द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते (तपासणीसाठी काढलेली पाने) पाहिली, तेव्हा खिळ्यांऐवजी प्रकाशजुळणीने केलेल्या त्या पानांचे रूप त्यांना इतके खटकले की, त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली आणि तीच पुढे टेक या नावाने प्रसिद्ध झाली. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात तिच्यावर लाटेकची रचना उभी केली. गणितातील कोणते चिन्ह शेजाऱ्यापासून किती अंतरावर असावे, याचे नियम त्या प्रणालीत इतक्या काळजीने बसवलेले आहेत की, आजही त्यांना सोडून जाण्याचे कारण मला दिसत नाही. टेक प्रत्येक चिन्हाची जात ओळखते : साधे अक्षर, क्रियाचिन्ह, संबंधचिन्ह, उघडणारा कंस, बंद होणारा कंस, विरामचिन्ह आणि अशाच आणखी दोन. अधिक-उणेच्या दोन्ही बाजूंना मध्यम अंतर, बरोबरच्या चिन्हाला त्याहून थोडे जास्त, आणि डावीकडे काहीच नसलेल्या उणे चिन्हाला अंतर अजिबात नाही. अक्षर जुळवणाऱ्याने ही अंतरे हाताने द्यायची नसतात.

सर म्हणाले, “ठीक आहे, पण मराठी त्याला कळते का ते आधी बघा.” त्यांची शंका रास्त होती. आज पहिलेच सूत्र घातले तेव्हा पानावर अधिक-उणेची चिन्हे आणि कंस उमटले, मराठी अक्षर मात्र एकही उमटले नाही. गणिताच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसते आणि जे अक्षर फॉन्टमध्ये नाही ते टेक गुपचूप गाळते, त्याची सूचना केवळ कामाच्या नोंदवहीवजा फाइलीत देते.

१६ फेब्रुवारी

गणिताच्या फॉन्टऐवजी देवनागरी फॉन्ट जोडून पाहिला, तर अक्षरे आली, पण ‘क्ष’ऐवजी क, हलन्त आणि ष अशी तीन सुटी चिन्हे उमटली. कारण उघड आहे. सूत्राच्या आत टेक प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र घटक समजते, तर देवनागरीत जोडाक्षर घडवण्यासाठी शेजारची अक्षरे एकत्र पाहावी लागतात आणि ते काम हार्फबझसारखे आकारयंत्र सलग मजकुरावरच करू शकते. म्हणून सूत्रातील प्रत्येक मराठी शब्द किंवा जोडाक्षर एका मजकूर-पेटीत घालून ती पेटी सूत्रात ठेवावी लागते. पेटी घातांकाच्या जागी लहान व्हावी यासाठी टेक ती चार आकारांत चारदा जुळवून ठेवते आणि त्यातील योग्य ती निवडते, त्यामुळे पुस्तक बांधायला, म्हणजे फाइलींवरून पाने तयार करायला, वेळ वाढतो. देवनागरी अंकांना जोडाक्षरांची अडचण नसल्याने ते थेट गणिती चिन्हे म्हणून नोंदवले.

फॉन्टसाठी आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका निवडला, ज्याचा देवनागरी भाग राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रा या फॉन्टवर आधारलेला आहे. गणिती चिन्हांसाठी आधी लॅटिन मॉडर्न मॅथ घेतला होता, पण देवनागरीच्या भरीव अक्षरांशेजारी त्याची अधिक-उणेची चिन्हे फिकट वाटतात. त्याऐवजी स्टिक्स टू मॅथ घेतल्यावर पानाचा गडदपणा एकसारखा झाला.

२३ फेब्रुवारी

आज सरांसोबत तीन तास चिन्हांच्या प्रश्नावर गेले. मूळ पुस्तकात राशींना, म्हणजे सूत्रातील मोजमापांना, मराठी अक्षरे दिलेली आहेत : अक्षांशाला अ, क्रांतीला क, होराकोनाला (मध्यान्हरेषेपासून सूर्याचा कोन) ह, उन्नतांशाला (क्षितिजापासून सूर्याची कोनीय उंची) उ, काठीच्या लांबीला ल, सावलीला स. त्रिकोणमितीची फलेही (फंक्शन) ज्या, कोज्या आणि स्पर्शज्या (साइन, कोसाइन आणि टॅन्जंट) या नावांनीच आहेत. मी आंतरराष्ट्रीय रोमन चिन्हे वापरावीत असे सुचवले होते, कारण पुढे विद्यापीठात जाणाऱ्या विद्यार्थ्याला तीच भेटणार. सरांचे उत्तर असे की, ज्या म्हणजेच ‘जीवा’ हा आपलाच शब्द अरबीत ‘जीबा’ झाला, तिथे तो ‘जैब’ असा वाचला गेला आणि त्याचे लॅटिन भाषांतर होऊन ‘सायनस’ जन्माला आला. तेव्हा मुलाने मूळ शब्द एकदा तरी सूत्रात पाहावा. पुस्तकाच्या शेवटी दोन्ही पद्धतींची तुलना-सारणी द्यायची, या अटीवर मी त्यांचे म्हणणे मान्य केले, आणि आता वाटते की त्यांचेच बरोबर होते.

एक अडचण मात्र खरी आहे. आयएसओ ८०००० या आंतरराष्ट्रीय मानकाच्या गणितविषयक दुसऱ्या भागाप्रमाणे राशींची अक्षरे तिरपी आणि फलांची नावे सरळ छापतात, त्यामुळे वाचकाला कोणते अक्षर बदलती किंमत आहे आणि कोणते नाव आहे हे नजरेनेच कळते. देवनागरीला तिरप्या अक्षरांची परंपरा नाही. संगणकाने सक्तीने तिरपे केलेले क आणि उ पाहिले, शिरोरेषा तशीच आडवी राहते आणि दांडे कलंडतात, हे फारच कुरूप दिसते. ठळक अक्षरे सदिशांसाठी राखीव असल्याने तीही नकोत. शेवटी दोन्ही सरळच ठेवली, फलाच्या नावानंतर टेकचे बारीक अंतर दिले आणि राशी एकाहून अधिक असतील तेथे कंस सक्तीचे केले.

६ मार्च

गेले दहा दिवस एकाच प्रश्नावर गेले, आणि माझ्या मते या सबंध कामातील तोच मध्यवर्ती प्रश्न आहे : शिरोरेषा.

रोमन अक्षरांसाठी घडलेल्या गणिती रचनेत आडवी रेघ ही नेहमी गणिताचीच असते. ती अपूर्णांकाची असते, वर्गमुळाचे छत असते किंवा सरासरीची खूण असते. देवनागरीत प्रत्येक शब्द आपली आडवी रेघ स्वतःबरोबर आणतो. छेदात ‘कोज्या क’ असे लिहिले की अपूर्णांकाच्या रेघेखाली लगेच दुसरी, तितकीच लांब रेघ येते, आणि अपूर्णांकाची रेघ शिरोरेषेपेक्षा बारीक असल्यामुळे डोळा शिरोरेषेलाच भागाकाराची रेघ समजतो. पहिल्या मुद्रितात सरांनी एका सूत्रावर प्रश्नचिन्ह काढले होते, कारण अंशाखालची खरी रेघ त्यांना अंशाचेच अधोरेखन वाटली.

आधी रेघ जाड करून पाहिली. दोन जाड रेघा एकीखाली एक आल्या आणि पान काळवंडले. मग मोकळ्या जागेकडे वळलो. कनूथ यांच्या मूळ नियमांत स्वतंत्र ओळीवरच्या सूत्रात रेघ आणि छेद यांत किमान अंतर रेघेच्या जाडीच्या तिप्पट, तर मजकुराच्या ओळीतील अपूर्णांकात केवळ जाडीइतके राखले जाते. त्यांच्या दहा पॉइंटांच्या फॉन्टमध्ये जाडी ०.४ पॉइंट असल्याने ही अंतरे अनुक्रमे १.२ आणि ०.४ पॉइंट होतात. रोमन अक्षरांना ती पुरतात, कारण त्यांच्या माथ्यावर सलग काहीच नसते. ओपनटाइप फॉन्टमध्ये हीच मापे मॅथ नावाच्या सारणीत साठवलेली असतात आणि लुआटेक या टेकच्या नव्या रूपात ती फॉन्टला हात न लावता दस्तऐवजातूनच बदलता येतात. म्हणून आतापर्यंतचे काम झीलाटेक या लाटेकच्या रूपावरून लुआटेकवर चालणाऱ्या लुआलाटेकवर हलवले. २०२० पासून त्याच्या यंत्रात हार्फबझ अंतर्भूत असल्याने मराठीचे आकारही बिघडले नाहीत.

स्वतंत्र सूत्रात छेदावरचे अंतर २.५ पॉइंट आणि ओळीतील सूत्रात १.६ पॉइंट केले. तेवढ्यानेही मन भरेना, तेव्हा नागपूरच्या महाल भागातून येणाऱ्या आमच्या मुद्रितशोधक ताईंनी छापील प्रत भिंगाखाली धरली. त्यांचे वडील खिळे जुळवण्याचे काम करीत. ताईंनी दाखवले की, १९८४ च्या जुळाऱ्याने अपूर्णांकाची रेघ छेदाच्या दोन्ही बाजूंना थोडी पुढे नेलेली आहे. रेघ शिरोरेषेहून लांब असली की ती दोघांची आहे, एकाची नाही, हे नजरेला आपोआप कळते. आम्ही छेदाच्या दोन्ही अंगांना बारीक अंतर घालून तोच परिणाम साधला आणि सरांचे प्रश्नचिन्ह पुसले गेले. त्या जुळाऱ्याचे नाव पुस्तकात कोठेही नाही, याचे मला वाईट वाटते.

वर्गमुळाच्या छताखाली हाच उपाय चालला. तेथे आणखी एक गोष्ट लक्षात आली : देवनागरी अंकांना शिरोरेषा नसते. त्यामुळे ‘१ उणे ज्या-वर्ग क’ यावर छत घातले की डावीकडे एक आणि उजवीकडे दोन अशा रेघा दिसतात. छताचे अंतर सर्वत्र एकच ठेवावे की अंक आणि अक्षर यांप्रमाणे बदलावे, यावर बराच विचार करून एकच ठेवले. सूत्रागणिक उंची बदलत गेली तर पान अस्वस्थ दिसते.

१३ मार्च

घातांकाचा आकार. लाटेकमध्ये मूळ अक्षर १० पॉइंट असेल तर घातांक ७ आणि घातांकाचा घातांक ५ पॉइंट असतो. पाच पॉइंटांत देवनागरीचा उकार आणि रफार वाचता येत नाहीत. मजकूर १२, पहिली पायरी ९, दुसरी ७ असे ठरवले. घातांक शिरोरेषेला चिकटू नये म्हणून थोडा वर उचलला.

२१ मार्च

काल विषुवदिन होता आणि सरांनी गच्चीवर एक मीटरची काठी लावून मध्यान्हीची सावली मोजली. क्रांती शून्याच्या जवळ असताना सावली अक्षांशाच्या स्पर्शज्येइतकी, म्हणजे सुमारे ३८.७ सेंटिमीटर यायला हवी, आणि त्यांचे माप त्याच्या अगदी जवळ आले. त्याच प्रकरणाचे मुद्रित आज तपासताना उणे चिन्हाचा दोष सापडला, तो सविस्तर नोंदवून ठेवतो.

मध्यान्हीचा नतांश (डोक्यावरच्या बिंदूपासून सूर्याचे कोनीय अंतर) म्हणजे अक्षांश उणे क्रांती. २१ जूनच्या सुमारास क्रांती २३°२६′ असते, म्हणून नागपूरचा नतांश −२°१७′ येतो. हे उणे चिन्ह सांगते की सूर्य खस्वस्तिकाच्या, म्हणजे डोक्यावरच्या बिंदूच्या, उत्तरेला गेला आहे आणि एक मीटर काठीची जेमतेम चार सेंटिमीटरची सावली दक्षिणेला पडणार आहे. आमच्या फाइलीत या जागी उणे चिन्हाऐवजी कळफलकावरची संयोगरेषा होती. संयोगरेषेनंतर ओळ तोडण्याची मुभा असते, त्यामुळे रेषा एका ओळीच्या शेवटी आणि २°१७′ पुढच्या ओळीच्या सुरुवातीला गेले. ताईंनी ती रेषा शब्द तोडल्याची खूण समजून काढून टाकली, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. परिणामी पुस्तक सांगू लागले की उन्हाळ्यातही नागपुरात मध्यान्हीची सावली उत्तरेलाच पडते.

युनिकोडमध्ये उणे चिन्हाला यू+२२१२ हे स्वतःचे स्थान आहे. ते अधिक चिन्हाइतकेच रुंद व त्याच उंचीवर असते आणि ओळ तोडण्याच्या नियमांत पुढच्या अंकाला धरून राहते. सूत्राच्या आत टेक ही अदलाबदल स्वतःच करते. चूक होते ती सूत्राबाहेर, मजकुरात आणि सारण्यांत लिहिलेल्या ऋण संख्यांमध्ये. अशा सर्व संख्या आजपासून सूत्राच्या खुणांतच लिहायच्या, असा नियम केला.

४ एप्रिल

स्कॅनवरून अक्षरओळख करून आलेल्या प्रकरणांत मराठीचे म्हणावेत असे तीन घोटाळे सापडले. अंशाचे चिन्ह आणि वर उचललेले देवनागरी शून्य दिसायला एकसारखे असल्याने ‘२१°’ याचे ‘२१०’ झाले होते. केवलमूल्याच्या उभ्या रेघांच्या जागी पूर्णविरामाचा दंड आला होता. आणि गुणोत्तराच्या दोन टिंबांच्या जागी विसर्ग आला होता. पहिला घोटाळा सर्वांत घातक आहे, कारण २१० ही संख्या चुकीची वाटत नाही आणि कोणतीही शुद्धलेखन-तपासणी तिला अडवत नाही. ज्या कोनाची किंमत ९० पेक्षा मोठी आहे अशा सर्व जागा आज्ञावलीने शोधून मूळ प्रतीशी हाताने ताडून पाहिल्या. कला आणि विकला (कोनाची मिनिटे आणि सेकंद) यांच्या तिरप्या खुणांऐवजी आलेली अवतरणचिन्हेही त्याच फेरीत बदलली.

१० एप्रिल

सूर्याचे सरासरी अंतर १४,९६,००,००० किलोमीटर असे छापायचे होते. टेक सूत्रातील स्वल्पविरामाला विरामचिन्ह मानून त्याच्यापुढे जागा सोडते, त्यामुळे संख्या चार तुकड्यांत विखुरली. संख्येतील स्वल्पविराम साधे अक्षर म्हणून नोंदवला. एकक आणि संख्या यांत न तुटणारी जागा ठेवली.

२९ एप्रिल

उन्हामुळे दुपारी काम होत नाही, सकाळी सहा ते दहा एवढाच वेळ मिळतो. ईपब सुरू केले. ईपबच्या २०११ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून सूत्रांसाठी मॅथएमएल ही गणित लिहिण्याची खूणभाषा मान्य आहे, आणि मॅथएमएल स्वतः १९९८ पासून डब्ल्यू३सी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस आहे. अनेक वर्षे काही ब्राउझरांतच ती चालत असे. क्रोमने ती जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा स्वीकारल्यापासून वाट बरीच मोकळी झाली आहे. एका अक्षराची राशी मॅथएमएलमध्ये आपोआप तिरपी होते, परंतु तिरप्या गणिती अक्षरांची स्वतंत्र स्थाने युनिकोडने रोमन, ग्रीक अशा लिप्यांनाच दिलेली असल्याने आमचे अ आणि क सरळच राहतात. फेब्रुवारीतील निर्णय येथे विनासायास जुळला.

शिरोरेषेचा प्रश्न मात्र येथे पुन्हा उभा राहतो, कारण अंतरे वाचकाच्या यंत्रावरच्या गणिती फॉन्टवरून ठरतात. फॉन्ट पुस्तकातच बांधून दिला आणि छेदाला शैलीपत्रकातून वरची मोकळी जागा दिली.

११ मे

महाविद्यालयात शिकणाऱ्या एका दृष्टिहीन विद्यार्थ्याने दोन प्रकरणे ऐकून पाहिली. सूत्राच्या आत शिरून अंश वेगळा आणि छेद वेगळा ऐकता येतो, हे त्याला फार उपयोगी वाटले. त्याने दाखवलेली अडचण आम्हा डोळसांच्या ध्यानात कधीच आली नसती : ‘ज्या अ’ हे ऐकताना त्रिकोणमितीतील ज्या आणि ‘ज्या दिवशी’ मधील सर्वनाम यांत भेद राहत नाही. मजकुराच्या ओळीतील छोट्या सूत्रांत तर वाक्य कोठे संपले आणि सूत्र कोठे सुरू झाले हेच कळत नाही. फलाचे नाव आणि राशी यांमध्ये यू+२०६१ हे फल-उपयोजनाचे अदृश्य चिन्ह घातले, आणि ओळीतील सूत्रांत ज्या हा शब्द वाक्याच्या आरंभी येणार नाही अशी वाक्यरचना सरांनी स्वतः बदलून दिली. अशी चौदा वाक्ये निघाली.

२० मे

शेवटचे बांधकाम. दस्तऐवजाची भाषा मराठी असल्याचे फॉन्टला स्पष्ट सांगितले, म्हणजे ल आणि श यांची हिंदी वळणे न येता पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठी रूपे उमटतील. ‘दुसऱ्या’, ‘ताऱ्यांची’ अशा शब्दांतील अर्धा र सगळीकडे एकाच पद्धतीने साठवला आहे ना, हे तपासले. दोन्ही फाइली सरांकडे पाठवल्या.

२६ मे

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, कालच लागला. आज नागपूरचा शून्यछाया दिवस, म्हणजे सूर्याची क्रांती २१°०९′ च्या जवळपास येऊन मध्यान्ही काठीची सावली नाहीशी होण्याचा दिवस. सर मोबाइलवर आमचेच ईपब उघडून गच्चीवर उभे होते. नागपूर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून सुमारे ३°२५′ पश्चिमेला असल्याने मध्यान्ह साडेतेरा मिनिटांहून थोडे जास्त उशिरा होते, आणि कालसमीकरणाची (घड्याळाची वेळ आणि सूर्याची वेळ यांतील फरकाची) जवळजवळ तीन मिनिटे वजा केली की बारा वाजून अकरा मिनिटांच्या सुमारास ते येते. सावली ठरल्या वेळी काठीच्या बुडाशी मिटली.

खाली आल्यावर सरांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. मध्यान्हाच्या सारणीत शोधपेटीत ‘१२:११’ असे टंकून त्यांना काहीच सापडले नव्हते, कारण सारणीत ‘१२ः११’ असा विसर्ग होता. एप्रिलमध्ये मी गुणोत्तरे तेवढी तपासली होती, वेळा तपासल्या नव्हत्या. संध्याकाळपर्यंत सर्व सारण्या पाहून ४१ ठिकाणचे विसर्ग काढले, दोन्ही फाइली पुन्हा बांधल्या आणि रात्री नऊ वाजता सरांकडे पाठवल्या.